ओट्याला पाणी

रेणापूर,
११ मार्च १९८३

चि. पंचशीलास सरजाबाईचा जयभीम.

तुझ्या हाताची पट्टी निघाली का, एवढंच विचारायला कार्ड लिहिणार होते. पण कार्ड वाटेत कोणीही वाचतं, म्हणून हे निळं पत्र आणलं. माझी चौथी लई जुनी झाली. अक्षर लागलं नाही तर तुझ्या बाबांकडून वाचून घे. शेषेरावांचा माझ्यावर राग आहे, तो असू दे.

इकडं पाण्याची तीच तऱ्हा. टँकर दिवसाआड येतो म्हणतात, येतो तिसऱ्या दिवशी. भुजंग सकाळच्या गाडीनं लातूरला कचेरीत जातो, संध्याकाळी येतो आणि भिंतीकडं तोंड करून पडतो. लातूर जिल्हा झाल्यापासून उस्मानाबादेहून कागदांचे गठ्ठे येतात, ते जिन्यानं वर चढवून पाठ जाते, असं आधी तरी सांगायचा. आता नवरा असून बायको माहेरी, ह्यावर बाहेर लोक विचारतात, आणि घरी मी विचारते.

वस्तीतल्या बाया येऊन बसतात. स्टो भडकला त्याला सव्वा महिना झाला, तरी बोलणं तेच. सरजाबाईनं गोधडी टाकली म्हणून सून वाचली. लातूरच्या डॉक्टरांनीही तेच म्हटलं होतं, तू तेव्हा गुंगीत होतीस. मी मान हलवते. हंडा रिकामा होता, नाहीतर पाणीच ओतलं असतं, असं त्यांना सांगते.

तो स्टो भंगारात दिला. आणि काल चूल फोडली. मीच फोडली, सब्बल घेऊन. तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून ओटा मागत होतीस, देगलूरला तुमच्या घरी आहे तसा, उभं राहून रांधायचा. मी म्हणाले होते, मी तीस वर्षं बसून रांधलं, माझं काय झिजलं? आता ओटा करायचं मनात आहे. गवंडी लावायची ऐपत नाही, म्हणून मीच करणार. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली, नंतर इमारतींवर माल वाहिला. विटेला हात लावायला मला भ्या नाही.

हात उन्हात धरू नकोस.

सरजाबाई


रेणापूर,
२९ मार्च

चि. पंचशीलास जयभीम.

तुझं उत्तर आलं नाही. यायलाच पाहिजे असंही नाही.

चुलीमागची भिंत खरवडायला चार दिवस गेले. काजळी बोटभर जाड होती. खरवडली की नाकातोंडात जायची, थुंकी काळी पडायची. डबे, उतरंड, पाटा सगळं बाहेरच्या खोलीत आणून ठेवलं. सध्या अंगणात तीन दगडांवर भाकरी करते. मग बाहेरच्या अंगाला भिंतीतले दगड काढून दीड हाताची खिडकी पाडली. उजेड आत आला तेव्हा मला ती खोली पहिल्यांदा दिसली म्हटलं तरी चालेल. एवढ्या अंधारात आपण दोघी बसत होतो. मला सवय होती. तुला नऊ महिने त्यात मी बसवलं.

विटा मागच्या पडक्या भिंतीतून निघाल्या. माती इथलीच. अडलं ते फरशीपाशी. शहाबादी फरशी विकत घ्यायची तर भुजंगाचा पगार पुरत नाही, त्यातून तुझ्या दवाखान्याचं चालूच आहे. म्हणून मी लातूरला कामाला जायला लागले. भुजंगाच्या कचेरीला लागूनच नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या बांधून राहिलेत, तिथं बाया लागतात. भुजंगाला मी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तो साहेबाच्या फायली घेऊन तिकडून गेला आणि मी डोक्यावर टोपलं घेऊन समोर.

त्यानं तिथं ओळख दाखवली नाही. घरी आल्यावर म्हणाला, "माय, तिथं नको. मी साहेबाचा शिपाई, आन माझी माय तिथंच माल उचलती."

मी म्हणाले, "तू शिपाई झालास तो ह्या टोपल्यावरच झालास."

असं बोलायला नको होतं. तो जेवला नाही. पण चौथ्या दिवशी दुपारी त्यानं माझी भाकर स्वतः खाली आणून दिली. सगळे मिस्त्री बघत होते. माझ्याजवळ वाळूच्या ढिगावर बसला, आणि मी खाईपर्यंत उठला नाही.

तिथं गुरुपादप्पा म्हणून म्हातारा गवंडी आहे, निलंग्याकडचा. अर्धं कानडी बोलतो. मी त्याच्या हाताखाली माल देते. ओटा कसा बांधायचा ते त्याला विचारलं तर आधी हसला. मग विटेनं जमिनीवर रेघा मारून दाखवलं, दोन आडव्या भिंती, वर फरशी, मधे सरपण ठेवायला जागा. भिंत सरळ येते का ते बघायचा ओळंबा कसा सोडायचा, ते माझ्या हातात देऊन शिकवलं. काम घेतलेल्या गुत्तेदाराला त्यानंच सांगितलं आणि फुटक्या फरश्यांचे तीन तुकडे मला मजुरीत मिळाले. एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टर कुरकुरला. भुजंगानं चढवले.

हे सगळं तुला कशाला लिहिते? घरात बोलायला कोणी नाही म्हणून लिहिते.

सरजाबाई


रेणापूर,
२० एप्रिल

चि. पंचशीलास जयभीम.

जयंती झाली. भुजंगानं नवा सदरा घातला नाही. वस्तीत मिरवणूक निघाली तेव्हा तो दारातच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मला न सांगता उदगीरवरून देगलूरला गेला.

तिकडं काय झालं ते तुला माहीत आहे. पण तो मला काय म्हणाला ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

शेषेरावांनी त्याला ओसरीवर बसवलं आणि चहा दिला, पण बोलले नाहीत. शेजारची कमलम्मा मधे पडली, नवराबायकोला बोलू द्या म्हणाली, तेव्हा तू बाहेर आलीस. डावा हात पदराखाली होता. नांदेडला कातडी लावली तरी बोटं पुरती मिटत नाहीत, असं त्यानं सांगितलं. हे सांगताना त्यानं स्वतःचा हात मिटून बघितला.

त्यानं तुला चल म्हटलं. तू हो म्हणाली नाहीस, नाहीही म्हणाली नाहीस. एवढंच म्हणालीस, "आत्याला इचारा, त्या दिवशी हंडा रिकामा होता का?"

तो रात्रीच्या गाडीनं उतरला आणि मला तेच विचारलं. मी भाकर थापत होते.

"होता," मी म्हणाले.

तो म्हणाला, "मग ती असं का इचारून राहिली?"

मी म्हणाले, दुखण्यातून उठलेलं माणूस, काहीही मनात येतं. त्यानं पुढं विचारलं नाही. माझ्यावर त्याचा विश्वास आहे. बाप गेल्यापासून मी त्याला कधी खोटं सांगितलं नाही, असं तो धरून चालतो.

मी नंतर ओट्याच्या दुसऱ्या भिंतीचे तीन थर रचले. सकाळी बघितलं तर ओळंब्यात नव्हते. पाडून पुन्हा रचले. सिमिटाची एक गोणी घेतली. बाकी सगळं मातीत, फक्त फरशीखाली आणि सांध्यांना सिमिट.

अंग लई दुखतं. बावन्न म्हणजे काही म्हातारपण नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांनी दिवसा लातुरात माल वाहावा आणि संध्याकाळी घरी भिंत रचावी.

सरजाबाई


रेणापूर,
८ मे

पंचशीला,

हे पत्र तुझ्या बाबांनी वाचलं तरी चालेल. कमलम्मानं वाचलं तरी चालेल.

फरशी बसवून पाच दिवस झाले. गुरुपादप्पानं बजावलं होतं, "सिमिट पाण्यावर वाढतंय बाई. आठ दिवस पाज. न्हाई पाजलं तर भेगाळतंय, मग रडू नको." म्हणून मी गोणपाट अंथरून रोज पाणी घालते. आंघोळ सोडली आहे. भांडी राखेनं घासून कोरडीच पुसते. वाचलेलं पाणी ओट्याला.

आज टँकरच्या रांगेत चतुराबाईनं सगळ्यांसमोर काढलं. म्हणाली, "हितं लेकरायला प्यायला न्हाई, आन ही दगडाला पाणी पाजून राहिली." बाया हसल्या. मी पण हसले. हंडा घेऊन घरी आले, तांब्या बुडवला, गोणपाटावर ओतला आणि माझा हात थांबला नाही. सहज ओतला. दुसरा तांब्याही ओतला. मग तांब्या खाली ठेवला. तिथंच खाली बसले.

हंडा रिकामा नव्हता.

तुला ते माहीतच आहे, पहाटे रांगेत उभी राहून तूच भरून आणला होतास. काठोकाठ होता. तरी माझ्या हातानं लिहिलेलं असलं पाहिजे.

स्टो गळतो, असं तू मला दोनदा सांगितलं होतंस. मी म्हणाले होते, पंप हळू मारायला शीक. तू भुजंगानं आणलेलं नायलॉनचं पातळ नेसली होतीस. मी दारात ज्वारी निवडत होते. भडका उडाला आणि तू ओरडलीस, "आत्या, पाणी!" मी उठले. हंडा माझ्या हाताशी होता. हात त्याच्या काठाला लागला, आणि मी थांबले.

किती वेळ, ते मला सांगता येत नाही. पापणी लवते तेवढाच असं मनाला सांगते. पण त्या तेवढ्यात मला आठवलं की आता टँकर तीन दिवसांनी येणार. हे आठवलं एवढं नक्की. मग काठावरचा हात सोडला आणि बाहेरच्या खोलीत गोधडी आणायला पळाले. गोधडी ट्रंकेखाली होती. ती ओढून काढावी लागली. तेवढा वेळ तू जळत होतीस.

डॉक्टर म्हणतात गोधडीच बरोबर. असेल. पण मी काही ते शहाणपण म्हणून केलं नाही. मी पाणी वाचवायला गेले आणि लोकांनी मला शाबासकी दिली.

विझल्यावर तू हात वर धरून पाणी टाका, पाणी टाका म्हणत होतीस. गर्दीत कोणी तरी म्हणालं, पाण्यानं फोड येतील. मला तेवढं पुरलं. जीप मिळेपर्यंत अर्धा तास गेला आणि हंडा तसाच भरलेला. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून घरी आले तरी तसाच. त्यातलं पाणी भुजंग पिला. मी पिले. दोन दिवस पुरलं.

मी लहान असताना आमच्या बाया विहिरीपासून लांब घागर ठेवून बसायच्या. वरून कोणी ओतलं तर पाणी, नाहीतर रिकामी घागर घेऊन घरी. दिवसभर बसून अर्धी घागर मिळालेली मी बघितली आहे. तेव्हापासून माझ्या हातून पाणी सांडत नाही. हे तुला कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून ते पुरणार नाही. हात का थांबला ते शोधत होते, तर तिथपर्यंत गेले, एवढंच.

दवाखान्यात पोलीस जमादारानं तुझा जबाब घेतला तेव्हा तू म्हणालीस, पदर पेटला, कोणाचा दोष नाही. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. तुझ्या त्या एका वाक्यावर मी आजपर्यंत ह्या वस्तीत मान वर करून फिरते.

सरजाबाई


रेणापूर,
२८ मे

पंचशीला,

मागचं पत्र पेटीत टाकलं त्याच संध्याकाळी मी भुजंगालाही सांगितलं. पत्रातलं तोंडानं बोलायला जड गेलं. तो ओट्याला टेकून उभा होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "मी ते पाणी पिलो, माय."

अंगणात गेला, तो परत आत आला नाही. मग दहा दिवस लातूरलाच राहिला, कचेरीतल्या सोबत्याच्या खोलीवर. मी कामावर गेले की तो दुसऱ्या जिन्यानं जायचा. गुरुपादप्पाच्या ध्यानात आलं. त्यानं विचारलं नाही, माझं टोपलं मात्र थोडं हलकं भरू लागला.

अकराव्या दिवशी भुजंग घरी आला तो तुझं पत्र घेऊन. तू त्याच्या कचेरीच्या पत्त्यावर टाकलंस, ते बरं केलंस. त्यानंच मला वाचून दाखवलं. तू लिहिलेलं मी पुन्हा लिहिते, कारण मला ते पाठ झालं आहे. तू लिहिलंस, "हंडा भरलेला होता हे मला ठाऊक होतं. जबाबात मी बोलले नाही, कारण तुम्ही मला पेटवलं नव्हतं. पण वाचवतानासुद्धा तुम्ही आधी पाण्याकडं बघितलं. मी त्या घरात परत राहणार नाही. ह्यांनी लातूरला खोली केली तर येईन."

वाचून झाल्यावर भुजंग माझ्याकडं बघत राहिला. मी रडावं, नको म्हणावं, एकुलता एक म्हणून गळ्यात पडावं, असं त्याला वाटलं असेल. त्याला तसं भ्या असेल.

मी म्हणाले, "खोली बघ. उद्याच बघ."

"आन तू?"

"मी हितंच."

"एकटी?"

"तिनं एकटीनं काढले चार महिने, आन तेही त्या हातानं."

त्यानं पत्र घडी करून खिशात घातलं. मग त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्या ताटाशेजारी ताट घेऊन बसला.

पाच महिन्यांच्या आधी जर मी असं बोलले असते, की खोली बघ, ओटा असलेली बघ, तर? हा विचार करत बसले की कामावर जायला उशीर होतो.

सरजाबाई


रेणापूर,
१० जुलै

चि. पंचशीलास जयभीम.

भुजंग परवा तुला आणायला निघेल, हे पत्र त्याच्या हाती देते. लातूरची खोली मी बघितली नाही. तो सांगतो मोठी खिडकी आहे, आणि नळ सामाईक असला तरी रोज तासभर येतो. स्वयंपाकाला गुडघाभर उंच कट्टा होता, तो त्यानं घरमालकाला विचारून वाढवून घेतला. गुरुपादप्पानं एका रविवारी येऊन करून दिला. मी माल द्यायला येते म्हटलं होतं. भुजंग म्हणाला, नको माय. मी गेले नाही. तू बोलावल्याशिवाय मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही. सणावाराला भुजंग इकडं आला तर येऊ दे, तू आली नाहीस तर मी कोणाला काही सांगत बसणार नाही. हंड्याचं मात्र सांगितलं. चतुराबाईनं पुन्हा गोधडीचं काढलं तेव्हा रांगेतच सांगितलं सगळ्यांना. आता माझ्याकडं कोणी फारसं बसायला येत नाही.

पाऊस अजून नावालाच आहे. लोकांनी अर्ध्या पेरण्या केल्या, अर्ध्या थांबल्या आहेत. टँकर चालूच. कचेरीची इमारत स्लॅबपर्यंत आली. स्लॅबला बाया जास्त लागतात, त्यामुळं काम मिळतं.

त्याच्या बरोबर ज्वारी, तिखटाची बरणी आणि लहान तवा दिला आहे. डाव्या हातानं धरायला जड पडू नये म्हणून हलकाच बघून दिला. तुझ्या पेटीला मी हात लावला नाही, जशी होती तशी पाठवते.

ओट्याचं राहिलं. तो मेच्या मध्यालाच तयार झाला होता. भेग पडली नाही. वर मातीची चूल घातली, खिडकीशी, म्हणजे धूर बाहेर जावा. भिंतीला पांढरा चुना दिला. पण मी त्यावर रांधलं नाही. दोन महिने अंगणातल्या तीन दगडांवरच करत होते. तू येशील आणि पहिली चूल तू पेटवशील, असं माझ्या मनात होतं. तू येणार नाहीस हे कळल्यावरही मी दगडांवरच करत राहिले. काल भुजंग म्हणाला, "माय, ती हितं रांधणार न्हाई. तू कोणासाठी ठिवलीस ती चूल?"

आज तो कामावर गेल्यावर मी ओट्यावर चूल पेटवली. परात वर ठेवली, तवा वर, पीठ वर. उभं राहून भाकरी केल्या. पहिली थापताना कुठं टेकावं कळेना, हात अवघडल्यासारखे झाले. दुसरी बरी झाली. तिसरीला मी खिडकीतून बाहेर बघत होते. रस्त्यानं एक गाडी गेली, ती दिसली. डोळ्यांत धूर नव्हता. पदर विस्तवापासून हातभर लांब होता. भाकरी झाल्यावर उठायचं म्हणून भिंतीला हात लावायला गेले, आणि मग ध्यानात आलं की उठायचंच नाही, मी उभीच आहे.

इतकं सोपं होतं, पंचशीला. तू नऊ महिने एवढंच मागत होतीस.

सरजाबाई